पुरात बुडालेली फियाट: केमिकल नंतर, आधी हातोडी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी कशाला उत्तर देतोय ते बाकीच्यांनाही कळेल. घर चिपळूणला. वडिलांची १९६८ ची फियाट ११०० डिलाइट १९९९ पासून मागच्या शेडमध्ये उभी. २२ जुलै २०२१ च्या पुरात खिडकीच्या काचेपर्यंत पाणी चढलं, उतरलं तेव्हा आत वीतभर गाळ. तो वरवर काढला आणि गाडी तशीच झाकून ठेवली. आता वडील नाहीत आणि भंगारवाल्याला द्यायला मन होत नाही. स्कूटर खोलण्या-जोडण्याची सवय आहे, वेल्डिंग येत नाही, शनिवार-रविवार मोकळे, दीड लाखापर्यंत तयारी. विचारलंय असं की गंज काढायला कुठलं केमिकल चांगलं, आणि सुरुवात इंजिनापासून करू की रंगापासून?

दोन्हीपासून नको. केमिकलचा नंबर तर पाचवा-सहावा लागतो. पहिला प्रश्न एवढाच की गाडीचा सांगाडा जिवंत आहे का? ते कळायला खर्च शून्य आहे, एक रविवार पुरतो, आणि तो रविवार न घालवता लोक थेट कार्ब्युरेटर खोलून बसतात.

जीपला खाली वेगळी चासी, म्हणजे लोखंडी सांगाडा, असते. वरची बॉडी चाळण झाली तरी चासीवर गाडी चालते. फियाटला तसं काही नाही. तिची फरशी, दाराखालच्या पोकळ पेट्या, दारांचे खांब आणि छत मिळूनच चासी. पुढच्या चाकामागून मागच्या चाकापर्यंत दारांखालून जी लांब पेटी जाते, तिला आमच्याकडे फूटबोर्ड म्हणतात. बाहेरून ती शोभेची पट्टी वाटते, पण गाडीचं अर्धं बळ तिच्यात आहे. घराच्या भाषेत सांगायचं तर ते बीम आहेत, आणि रंग म्हणजे नुसता गिलावा.

तेव्हा एक छोटी हातोडी घ्या, पाव किलोची. एक जुना, धार गेलेला स्क्रू ड्रायव्हर आणि हातातली बॅटरी, म्हणजे टॉर्च. गाडीच्या सीट्स बाहेर काढा, मॅटिंग आणि त्याखालचं तागाचं-डांबराचं जे काही असेल ते सोलून काढा, फरशी उघडी करा. मग फूटबोर्डवर पुढून मागे चार-चार बोटांवर हातोडी हलकेच टेकवत जा. चांगला पत्रा ‘टण्’ करतो आणि हातोडी परत उडते. गंजलेला पत्रा ‘भद्’ करतो आणि हातोडी तिथंच बसते. ‘भद्’ आलं की खडूने फुली मारा आणि स्क्रू ड्रायव्हर टेकवून अंगठ्याच्या जोराने दाबा. आत गेला तर तो पत्रा नव्हे, रंगाने धरून ठेवलेली पापडी. फुली तशीच राहू द्या, उकरत बसू नका. आज फक्त नकाशा काढायचा आहे.

तिसरा एक आवाज आहे, त्याला फसू नका. जाड, बोथट, लाकडावर ठोकल्यासारखा. तो लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, आवाज. कुणीतरी पूर्वी भोक बुजवायला जाळी लावून वर बोटभर लांबी भरलेली असते. फ्रिजवरचं लोहचुंबक कागदाच्या कपट्यावर ठेवून पत्र्याला लावा. पत्र्याला कागदासकट चिकटेल, लांबीवरून घसरून पडेल. १९६८ ची गाडी म्हणजे तिच्या अंगावर किमान दोन-तीन डेंटरांचे हात फिरलेले असणार, आणि आमच्या धंद्यातल्या सगळ्यांचेच हात चांगले असतात असं मी म्हणणार नाही.

फुल्या मारताना काही जागा चुकवू नका. मागचे पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, जिथे बॉडीला लटकतात ते दोन्ही हँगर आणि त्यांच्याभोवतीचा वीतभर पत्रा. पुढच्या सस्पेन्शनचं आडवं क्रॉस मेंबर जिथे बॉडीला बोल्टांनी बसतं ती जागा. स्टिअरिंग बॉक्सचा बेस. बॅटरीखालचा ट्रे, कारण ऍसिड सांडून तिथलं पोट खाल्लेलं असतं. पुढच्या काचेच्या रबराचे खालचे दोन कोपरे. डिकीत स्टेपनीखालचा खड्डा. दारांचं तळ, जिथे पाणी बाहेर जायची भोकं गाळाने बुजलेली असतील. गंज दिसतो तिथे जन्मत नाही, पाणी जिथे थांबतं तिथे जन्मतो. तुम्हाला पायाशी फरशीला भोक दिसेल आणि तुम्ही ठिगळ लावाल. पाणी मात्र काचेच्या कोपऱ्यातून डॅशबोर्डामागून उतरत असेल, तर ठिगळ तीन पावसाळे टिकणार नाही.

नकाशा झाला की निकाल. फरशीला ताटाएवढी भोकं असली तरी मला चिंता नाही, सपाट पत्रा आहे, कापून बदलता येतो. दारांचे तळ, डिकीचा खड्डा, मडगार्डच्या कडा, हेही होतं. फूटबोर्ड दोन्ही गेले असतील तर काम मोठं आहे, पण करता येतं. मात्र पाट्यांचे हँगर, पुढच्या क्रॉस मेंबरची जागा आणि दारांच्या खांबांची बुडं तिन्ही एकत्र गेली असतील, तर ती गाडी घरी, शिकता शिकता करायची नाही. सरळ सांगतो, त्या वेळी दुसरं चांगलं शेल, म्हणजे रिकामी बॉडी, शोधून त्यात तुमचं इंजिन-गिअरबॉक्स घालायचा मोह होईल. तो टाळा. कागदावर गाडीची ओळख चासी नंबराने आहे. शेल बदललं की आरटीओत तुम्ही कायमचे अडकाल. अशी गाडी जाणत्या वर्कशॉपला द्या, नाहीतर थांबा.

समजा निकाल बरा आला. मग पहिलं काम गाळ. वरचा तुम्ही काढलात, पण पोकळ पेट्यांतला तसाच आहे. वाशिष्ठीचा तो बारीक गाळ सुकला की वीट होतो, आणि हवेतला दमटपणा शोषून वर्षभर ओला राहतो. फूटबोर्ड आतून सडवतो तो हाच. ‘गंजलेल्या गाडीवर पाणी कसं मारायचं’ असं लोकांना वाटतं. मारायचं. फूटबोर्डच्या तळाची निचऱ्याची भोकं तारेने मोकळी करा, वरच्या भोकातून बागेची नळी घाला, आणि खालून येणारं पाणी चहासारखं लाल-तपकिरी येतंय तोवर चालू ठेवा. पातळ, निवळ आलं की थांबा. प्रेशर वॉशर नको, सडका पत्रा फाटेल आणि गाळ आणखी कोपऱ्यात जाऊन बसेल. नंतर ब्लोअर लावून दोन दिवस वाळवा. हे काम दिवाळीनंतर, कोरड्या हवेत. पावसाळ्यात कोकणात वाळवणं म्हणजे पापड पाण्यात वाळवणं.

इंजिनाबद्दल एकच ताकीद: चावी फिरवू नका, धक्का मारून बघू नका, ‘एकदा स्टार्टर देऊन बघू’ म्हणणारा मित्र आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. हे १०८९ सीसीचं इंजिन अतिशय दिलदार आहे. खाली बिडाचा ब्लॉक, वर ऍल्युमिनियमचं हेड. पण पंचवीस वर्षं उभं आणि वरून पुराचं पाणी. आधी संपचा, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याचा, बोल्ट खालून हळूहळू सैल करा, पूर्ण काढू नका. पाणी तेलापेक्षा जड असतं म्हणून तळाला बसलेलं असतं. पाणी शिरलं असेल तर पहिल्यांदा पाणीच गळेल आणि मागून काळं तेल येईल. असं झालं तर इंजिन उतरवून पूर्ण खोलायचं आहे, दुसरा मार्ग नाही. गिअरबॉक्स आणि मागच्या डिफरन्शियललाही हीच परीक्षा. तेल दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाचं निघालं तर आत पाणी आहे.

निव्वळ तेल आलं, तर नशीब. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात डिझेल आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल अर्धं-अर्धं करून दोन-तीन चमचे ओता, वर स्वच्छ फडक्याचे बोळे लावा आणि आठवडाभर विसरा. मग क्रँकच्या पुलीच्या नटाला पाना लावून थोडं पुढे, थोडं मागे. जोर नाही, दंडापेक्षा चिकाटी लागते. नखभर हललं की जिंकलात, परत तेल, परत आठवडा. आणि हेड काढायची वेळ आली तर हेड आणि ब्लॉकच्या मध्ये छिन्नी घालून उचकटू नका. ऍल्युमिनियम स्टडांना, म्हणजे हेडमधून वर येणाऱ्या बोल्टांना, धरून बसलेलं असतं, छिन्नीचा एक चरा म्हणजे हेड मशीनवर. स्टडांच्या भोवती रोज पेनिट्रेटिंग तेल, आणि बाजूने लाकडी ठोकळ्यावर हलके ठोके. बोअरिंग (सिलिंडर आतून कापून सारखे करणं) आणि क्रँक ग्राइंडिंग (क्रँक घासून गोल करणं) घरी होत नाही. मी कोल्हापूरचा, त्यामुळे उद्यमनगराचं नाव घेतलं तर पक्षपात म्हणा, पण पिढ्यान्‌पिढ्या ऑइल इंजिनं बनवणाऱ्या गल्ल्या आहेत त्या, बिडाचं काम त्यांना कळतं.

खोलण्याबद्दल. घरी सुरू केलेल्या बहुतेक गाड्या गंजाने मरत नाहीत, खोक्यांत मरतात. उत्साहात पंधरा दिवसांत अख्खी गाडी सुटी होते, मग लग्न, बदली, मुलाची दहावी, आणि तीन वर्षांनी ‘चौदा खोकी आणि एक शेल’ विकायला निघतं. त्या खोक्यांत नेमका वायपरचा लिंक नसतो. म्हणून एका वेळी गाडीचा एकच भाग खोला. खोलण्याआधी चार बाजूंनी मोबाइलवर फोटो. बोल्ट ज्या भोकातला, त्या भोकाचं नाव लिहून झिपच्या पिशवीत. तुटका, गंजका, सडका तुकडासुद्धा टाकू नका. दाराचं सडलेलं बीडिंग हाच नवं बीडिंग निवडायचा एकमेव नमुना असतो. वीस पिशव्या भरण्यापेक्षा एक पिशवी रिकामी करून परत जोडण्यात जास्त शहाणपण आहे, हे मला स्वतःला कळायला दहा वर्षं लागली.

आता फूटबोर्ड. इथे मी केलेला गाढवपणा सांगतो. १९९४ ची गोष्ट, एका डॉक्टरांची पद्मिनी (तुमचीच गाडी, पुढे या नावाने निघालेली) माझ्याकडे होती. दोन्ही बाजूंचे फूटबोर्ड सडलेले. मी तेव्हा घाईत आणि तोऱ्यात. दारं जड होतात म्हणून चारही उतरवून भिंतीला लावली, गाडी मध्यावर दोन लाकडी ठोकळ्यांवर घेतली, आणि एका दुपारी दोन्ही फूटबोर्ड कापून काढले. नवे पत्रे छान वळवून, सरळ धरून, वेल्ड केले. वेल्ड आजही दाखवण्यासारखा असेल. दुसऱ्या दिवशी दारं बसवली तर डाव्या मागच्या दाराची कडी कुलपाच्या खाली बोटभर. बिजागरी हलवून बघितली, पाचर घालून बघितली. दार नव्हे, गाडीच वाकली होती. बीम कापल्यावर दोन्ही टोकं आपल्या वजनाने खाली झुकली, आणि मी त्या झुकलेल्या अवस्थेतच तिला कायमची शिवून टाकली. सगळं पुन्हा कापलं. महिना गेला, डॉक्टरांनी एक शब्द बोलला नाही, तेच जास्त लागलं.

तर तुम्ही असं करा. गाडी जॅकवर नाही, चार घोड्यांवर, म्हणजे जॅक स्टँडवर, आणि घोड्या मध्यावर नाहीत तर सस्पेन्शनच्या जवळ, म्हणजे वजन जिथे रस्त्यावर असताना येतं तिथेच. जॅकवर तोललेल्या गाडीखाली शिरायचं नाही, दोन मिनिटांसाठीही नाही. या धंद्यात माणूस मरतो तो बहुतेक तिथेच. दारांची फट चारही बाजूंनी मोजा आणि दारावरच पेन्सिलीने लिहून ठेवा. प्रत्येक दाराच्या चौकटीत कर्ण मोजा, डाव्या-उजव्या बाजूचे ताडून बघा. मग दाराच्या आतून, खांबापासून खांबापर्यंत, २५ मिलिमीटरचा चौकोनी पाइप आडवा आणि तिरका असा टाके मारून पक्का करा, दार उघडझाप होईल अशा बेताने. एका वेळी एकच बाजू. त्या बाजूचाही आधी पुढचा अर्धा, तो भरला की मागचा. दर दोन तासांनी दार लावून बघा. फट बदलली की हात थांबवा.

वेल्डिंग येत नाही म्हणालात. गाडीचं वेल्डिंग घरच्या घरी, यूट्यूब बघून, पहिलंच फूटबोर्डवर करू नका. पण पूर्ण हार मानायचं कारण नाही. गेट-ग्रिलवाल्याचं आर्क मशीन इथे कामाचं नाही. त्याची सळई तीन मिलिमीटरचा अँगल जोडते, फियाटच्या मिलिमीटरभर पत्र्याला ती सिगरेटने कागद जाळावा तशी भोकं पाडते. पाहिजे ते सीओटू वेल्डिंग, ०.८ च्या तारेचं. मशीन भाड्याने मिळतं, किंवा ते चालवणारा माणूस दिवसाच्या हजेरीवर येतो. माझा सल्ला दुसरा. वेळ खातं ते मोजणं, कापणं, घासणं आणि पुठ्ठ्याचा नमुना काढून तसा पत्रा वळवणं, वेल्डिंग नव्हे. ते नव्वद टक्के काम तुम्ही करा. वीस गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा आणा. फूटबोर्ड आणि हँगरजवळ त्याहून जाड, अठरा गेज. तुकडे बसवून स्क्रूने जागेवर धरून ठेवा, आणि महिन्यातून एक दिवस वेल्डरला बोलवा. सलग रेघ ओढू नको म्हणा. एक टाका इथे, पुढचा वीतभर लांब, हात लावता येईल इतकं गार होऊ द्यायचं, मग मधला. सलग ओढलं की पत्रा उष्णतेने पापडासारखा फुगतो आणि तो नंतर कुठल्याच लांबीने लपत नाही. फरशीच्या सपाट तुकड्यांवर तुम्हीही हात साफ करा. सरावाला जुन्या लोखंडी कपाटाचा पत्रा घ्या. तेलाचा रिकामा पिंप कधीही घेऊ नका, आत उरलेली वाफ ठिणगीने फुटते.

त्याच कारणाने, वेल्डिंगच्या आधी पेट्रोलची टाकी गाडीतून उतरवून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. ‘वीस वर्षं रिकामी आहे’ हा युक्तिवाद ऐकायचा नाही. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त वाईट, कारण तिच्यात वाफ आणि हवा दोन्ही असतात. बॅटरी बाहेर. शेजारी पाण्याची बादली, ओलं पोतं आणि अग्निशामक. आणि शेवटचा टाका मारल्यावर लगेच जेवायला जाऊ नका, अर्धा तास तिथेच बसा. छताच्या अस्तरातली ठिणगी आधी नुसती धुमसते.

आता तुमचं केमिकल. बाजारात ‘रस्ट कन्व्हर्टर’ म्हणून जे मिळतं ते बहुधा फॉस्फोरिक किंवा टॅनिक ऍसिडवर चालतं. ते गंजाच्या पातळ थराला काळ्या, टणक थरात बदलतं. चांगली वस्तू आहे, पण तिच्या जागी. पत्रा शाबूत आहे आणि बारीक खड्ड्यांत गंज उरलाय जिथे ब्रश पोचत नाही, तिथे ती लावा. पापडी झालेल्या गंजावर ती लावणं म्हणजे सडलेल्या वाशावर वॉर्निश. गेलेलं लोखंड कुठलंही केमिकल परत आणत नाही. मोठ्या भागावर चार इंची ग्राइंडरला तारेचा कप लावा. चष्मा हवाच, आणि साधा चष्मा नव्हे. त्या तारा सुटतात आणि गालात रुततात, माझ्या गालावर खूण आहे.

सुटे छोटे भाग, म्हणजे ब्रॅकेट, बिजागऱ्या, नट-बोल्ट, यांना किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व उत्तम. लिटरभर पाण्यात पन्नास ते शंभर ग्रॅम, रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी ब्रश मारा, खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा, लगेच वाळवून प्रायमर. स्प्रिंगा मात्र त्यात टाकायच्या नाहीत. ऍसिडमध्ये सुटणारा हायड्रोजन कडक पोलादात शिरून त्याला ठिसूळ करतो, आणि स्प्रिंग मोडते ती घाटात मोडते. धुण्याच्या सोड्याचं पाणी आणि बॅटरी चार्जर लावून विजेने गंज काढायची पद्धतही छान आहे. ऋण टोक गंजक्या भागाला, धन टोक भंगार लोखंडाला. स्टेनलेस स्टीलचा तुकडा धन टोकाला अजिबात नको, पाण्यात क्रोमियमचं विष उतरतं. आणि उघड्यावर करा, तिथेही हायड्रोजन निघतो. संडासाला वापरायचं ऍसिड मात्र वापरू नका. गंज निघतो, पण त्याच्या वाफेने महिन्याभरात शेडमधल्या सगळ्या पान्यांवर गंज येतो. सँडब्लास्टिंग सस्पेन्शनच्या जाड भागांना, बाहेर देऊन. बॉनेट आणि छत त्याला देऊ नका, लाटा येतात.

घासून पांढरा झालेला पत्रा कोकणात एक रात्रसुद्धा उघडा ठेवायचा नाही. संध्याकाळी जेवढ्यावर प्रायमर मारता येईल तेवढंच सकाळी घासा. दोन भागांचा एपॉक्सी प्रायमर ब्रशने लावला तरी चालतो, फरशीला आणि आतल्या बाजूला कोण बघतंय. पोकळ पेट्यांत सगळं वेल्डिंग संपल्यावर, त्याआधी कधीच नाही, कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळीत मारायचं मेण, नळीने फवारा. पूर्वी पावसाळ्याआधी गाडीच्या पोटाला जळकं ऑइल मारायचे. चालायचं ते, पण रबरं फुगायची आणि कातडीलाही ते चांगलं नाही.

ब्रेकच्या बाबतीत काटकसर नको. चारही चाकांना ड्रम, आणि सगळ्यांना मिळून एकच सर्किट. एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक जातो. म्हणून मास्टर सिलिंडर, चाकांचे सिलिंडर, रबरी होज, लोखंडी नळ्या, सगळं नवं. नळ्या बाहेरून बऱ्या दिसतात पण ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं आणि त्या आतून खाल्लेल्या असतात. ड्रम उघडल्यावर आतली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका, जुन्या लायनिंगमध्ये ऍस्बेस्टॉस असतं. ओल्या फडक्याने पुसून फडकं पिशवीत बांधून टाका.

पेट्रोलचंही तसंच. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं. १९६८ च्या रबरी नळ्या आणि पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम त्यासाठी बनलेले नव्हते, आणि इथेनॉल पाणी ओढतं. इथेनॉलला चालणाऱ्या नळ्या आणि नवा डायफ्रॅम घाला, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी-कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवा. वायरिंग पुराच्या पाण्यात गेलेलं आहे. जोडजोड करत बसू नका, वायरमनकडून नवं हार्नेस, म्हणजे वायरींचा अख्खा जुडगा, बांधून घ्या.

रंगाबद्दल फार लिहीत नाही, कारण तुम्ही त्याच्यापासून दोन वर्षं लांब आहात. मूळ रंग डॅशबोर्डाखाली किंवा डिकीच्या पुठ्ठ्यामागे सापडेल, त्याचा फोटो उन्हात काढून ठेवा. पीयू (पॉलियुरेथेन) रंग घरी फवारू नका. त्याच्या हार्डनरमधले आयसोसायनेट श्वासात गेले तर कायमचा दमा लागू शकतो, आणि कोविडमधला मास्क तिथे काही करत नाही. तेवढं काम रंगाच्या बूथवाल्याला द्या.

दीड लाखाचं म्हणाल तर, मजुरी तुमची असेल, इंजिनात पाणी नसेल, आणि क्रोम तुम्ही मूळचं पॉलिश करून वापराल, तर चालती, ब्रेक लागणारी, न गळणारी गाडी होऊ शकते. प्रदर्शनातली होणार नाही. एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. हीच गाडी कुर्ल्याच्या कारखान्यातून १९७४ पासून पद्मिनी नावाने, २००० च्या आसपासपर्यंत निघत राहिली. त्यामुळे इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, सस्पेन्शनचे बरेचसे पार्ट पद्मिनीचे चालतात. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार, इथे जुना तुकडा हातात घेऊन जा, फोटो घेऊन नव्हे. पण पूर्वीसारखी रेलचेल नाही. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदलेली होती. वीस वर्षांची मर्यादा भरून ती २०२३ मध्ये थांबली, आणि टॅक्स्यांच्या भंगारातून येणारा माल त्याच्या कितीतरी आधीपासून आटला. डिलाइटचे दिवे, जाळी, नावाची अक्षरं मात्र पद्मिनीची चालत नाहीत. तुमच्याकडे आहेत ती सोन्यासारखी जपा.

कागदांचं काम पहिल्याच आठवड्यात सुरू करा. आरसी वडिलांच्या नावावर असेल, तर वारसांच्या नावे करणं आधी. चासी नंबर आणि इंजिन नंबर जिथे ठोकलेत तिथे ग्राइंडर नेऊ नका. आधी त्यांचा फोटो, मग वर ग्रीसचा थर. पन्नास वर्षं ओलांडलेल्या गाड्यांसाठी जुलै २०२१ पासून केंद्राचे वेगळे नियम आहेत. गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी शेल आणि इंजिनात मोठे बदल नकोत. व्हिंटेज नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, आणि आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. रोजच्या वापराला किंवा धंद्याला अशी गाडी चालवता येत नाही. तुम्हाला ती रोज बाजारात न्यायची असेल तर हा रस्ता तुमचा नाही, साध्या नोंदणीचं नूतनीकरण करा. हे आत्ता ठरवायला सांगतोय, कारण पुढे फ्लोअर गिअर, डिस्क ब्रेक, दुसरं इंजिन असले सल्ले देणारे भेटतील. स्टिअरिंगखालचा तो गिअर दांडा वडिलांच्या हाताखालचा आहे, तो राहू द्या.

येत्या रविवारी हातोडीचं काम करा. मला फोटो नकोत, फुल्यांचा हिशेब पाठवा: डाव्या फूटबोर्डवर किती, उजव्यावर किती, पाट्यांच्या हँगरला स्क्रू ड्रायव्हर शिरला का, आणि संपच्या बोल्टातून आधी काय आलं.